वीस डॉलर आणि सही न घेतलेलं हक्कसोडपत्र

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. काही वर्षं तुम्ही जर्सी सिटीत होतात, तिथे एका स्ट्रीमिंग सेवेची वर्गणी भरत होतात, आता कोथरूडला परत आला आहात. जुन्या ईमेलवर पत्र आलंय की तुम्ही कोणते व्हिडिओ पाहिलेत ही माहिती कंपनीने फेसबुकला पुरवली, त्यावरून सामूहिक दावा झाला, आता तडजोड होते आहे, तुम्ही त्या गटात बसता, तर क्लेम भरा. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. हे खरं की फसवणूक? कायद्यात 2,500 डॉलर लिहिलेत, मग पत्रात वीसच का? आणि वीस डॉलरसाठी कोण डोकं लावणार, सोडून दिलं तर काय बिघडतं?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण गेली अठरा वर्षं मी लोकांना तिथेच फसताना पाहतोय. आधी क्लेम तपासणाऱ्या एका कंपनीत होतो, नंतर न्यू जर्सीत वकिली. प्रत्येकाला वाटतं की आपण काहीच केलं नाही तर आपण त्या भानगडीच्या बाहेर राहतो. अमेरिकेच्या फेडरल कोर्टात पैशांच्या सामूहिक दाव्यांत नेमकं उलट आहे. 1966 साली तिथल्या दिवाणी नियमांतला 23 वा नियम बदलला, तेव्हापासून गटाच्या व्याख्येत जो बसतो तो आपोआप आत असतो. बाहेर पडायचं असेल तर त्याने तसं लेखी कळवायचं. तुम्ही गप्प बसलात तर कोर्टाची अंतिम मंजुरी पक्की झाली की त्या कंपनीवर त्या कारणासाठी दावा लावायचा तुमचा हक्क संपतो. पैसे मात्र मिळत नाहीत, कारण क्लेम भरलेला नसतो.

आपल्याकडे वाटणीच्या वेळी बहिणींकडून हक्कसोडपत्र लिहून घेतात. त्यातला अन्याय वेगळा, पण निदान सही तरी घेतात. इथे तुमची सही नसतानाच हक्क सुटतो. तुम्हाला आलेलं पत्र म्हणजे त्याची आगाऊ सूचना. त्यात ‘रिलीज’ नावाचा एक परिच्छेद असेल, तो सगळ्यात कंटाळवाणा असतो आणि सगळ्यात महत्त्वाचाही तोच. कंपनी पैसे मोजते ते त्या परिच्छेदासाठी.

म्हणून हक्क सुटणारच असेल तर त्याचे वीस डॉलर तरी घ्या. दुसरा मार्ग म्हणजे मुदतीत बाहेर पडल्याचं पत्र पाठवून स्वतःचा दावा लढवणं. तो रस्ता फार थोड्यांना परवडतो, त्याबद्दल पुढे येईलच.

आता खरं की खोटं. गंमत अशी की खरी नोटीस खोट्यासारखीच दिसते. अनोळखी पत्त्यावरून आलेलं मेल, ‘तुम्हाला पैसे मिळू शकतात’ असा मथळा, बारा आकडी क्लेम नंबर, खाली लिंक. माझ्याच घरी एकदा अशाच एका तडजोडीचा चेक आला, पोस्टकार्डाएवढा, कडेला भोकं असलेला, घडी उलगडायचा. बायकोने पिझ्झाचं कूपन समजून रद्दीत टाकला. या धंद्यात मुरलेल्या माणसाच्या घरी ही कथा!

ओळखायचं कसं ते सांगतो. पत्रात कोर्टाचं नाव आणि खटला क्रमांक असतो. मेलमधल्या लिंकवर टिचकी मारू नका. खटल्याचं नाव आणि क्रमांक स्वतः शोधा आणि कोर्टाच्या नोंदीत न्यायाधीशांचा प्राथमिक मंजुरीचा आदेश सापडतो का ते पाहा. तडजोडीच्या संकेतस्थळाचा पत्ता त्या कागदपत्रांत छापलेला असतो, तोच पत्ता हाताने टाइप करा. खऱ्या तडजोडीत क्लेमसाठी शुल्क घेत नाहीत, पासवर्ड मागत नाहीत, फोन करून ‘प्रोसेसिंग फी भरा’ म्हणत नाहीत. कोणी दहा डॉलर आधी मागितले तर तिथेच थांबा. माझ्या क्लेम तपासणीच्या दिवसांत खोट्या नोटिसा कमी आणि खोटे क्लेम जास्त असायचे. एकाच संगणकावरून एका रात्रीत हजारो अर्ज, सगळ्यांची नावं वेगळी आणि पत्ता एकाच गोदामाचा. तुमच्या पत्रातला क्लेम नंबर असतो तो यासाठीच. तो हरवू नका. नंबर नसलेला अर्ज आपोआप संशयाच्या ढिगात जातो.

पैशांचं गणित समजायला कायद्याचा जन्म पाहावा लागतो आणि तो मोठा मजेशीर आहे. 1987 च्या उन्हाळ्यात राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी रॉबर्ट बोर्क यांचं नाव सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलं. घटनेत खासगीपणाचा सर्वसाधारण हक्क नाही, हे बोर्क यांचं प्रसिद्ध मत. वॉशिंग्टनमधल्या एका साप्ताहिकाच्या वार्ताहराने बोर्क ज्या दुकानातून व्हिडिओ कॅसेट भाड्याने नेत, तिथे जाऊन यादी मागितली आणि दुकानाने ती दिली! 146 कॅसेटींची यादी. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं, पण खासदार हादरले, कारण तेही कुठल्या ना कुठल्या दुकानातून कॅसेटी नेतच होते. बोर्क यांची नेमणूक सिनेटने 58 विरुद्ध 42 मतांनी फेटाळली, तिची कारणं निराळी. पुढच्याच वर्षी, 1988 मध्ये, व्हिडिओ खासगीपणाचा कायदा झाला. आधार कार्डापासून आरोग्याच्या नोंदींपर्यंतची चर्चा ऐकलेल्या आपल्या माणसाला हे विचित्र वाटेल, पण अमेरिकेत खासगी कंपन्यांच्या हातातल्या माहितीसाठी आजही एकच एक सर्वसमावेशक फेडरल कायदा नाही. आणि कॅसेटच्या दुकानासाठी मात्र 1988 पासून कडक कायदा आहे.

त्या कायद्याने दुकानदाराला सांगितलं की ग्राहकाच्या संमतीशिवाय ‘कोणी काय पाहिलं’ हे जाणूनबुजून उघड करायचं नाही. केलंस तर नुकसान सिद्ध झालं नाही तरी कोर्ट किमान 2,500 डॉलर भरपाई देऊ शकतं, शिवाय दंडात्मक भरपाई आणि वकिलाचा खर्च. दावा दोन वर्षांच्या आत लावायचा. डोळ्यासमोर कोपऱ्यावरचं दुकान ठेवून हा आकडा ठरला होता. एका दुकानदाराने एका गिऱ्हाईकाची यादी फोडली तर त्याला चाप बसावा, इतकाच विचार.

मग कॅसेटी गेल्या, पण कायद्यातले ‘तत्सम दृक्‌श्राव्य साहित्य’ हे शब्द राहिले. हुलू या स्ट्रीमिंग सेवेविरुद्धच्या दाव्यात 2012 साली कॅलिफोर्नियातल्या कोर्टाने हे शब्द स्ट्रीमिंगलाही लागू होतात असं म्हटलं. हुलू तो दावा 2015 मध्ये जिंकली, कारण फेसबुककडे गेलेले दोन तुकडे, म्हणजे माणसाची ओळख आणि व्हिडिओचं नाव, फेसबुक एकत्र जोडणार हे हुलूला ठाऊक होतं याचा पुरावा नव्हता. कंपनी सुटली, पण दार उघडं राहिलं.

आता ती माहिती जाते कशी, ते तुम्ही स्वतः पाहू शकता. संगणकावर फेसबुकमध्ये लॉग-इन असताना व्हिडिओ दाखवणारं एखादं संकेतस्थळ उघडा, एफ-बारा दाबा, नेटवर्कचा टॅब घ्या आणि गाळणीत ‘फेसबुक’ लिहा. पानावर मेटा पिक्सेल, म्हणजे फेसबुकला माहिती कळवणारा कोडचा छोटा तुकडा, बसवलेला असेल तर लगेच एक ओळ उमटते. तिच्या पोटात त्या पानाचा पूर्ण पत्ता असतो आणि पुष्कळदा व्हिडिओचं नावच त्या पत्त्यात असतं, शब्दांमध्ये आडव्या रेघा घातलेलं. त्याच विनंतीबरोबर एक कुकी (ब्राउझरने साठवलेली छोटी नोंद) जाते, तिचं नाव ‘सी_यूजर’, आणि तिच्यात एक लांबलचक आकडा. तो आकडा म्हणजे तुमचा फेसबुक क्रमांक. फेसबुकच्या पत्त्यापुढे तो लिहिला की तुमचं पान उघडतं, तुमच्या फोटोसकट. आजकालच्या ब्राउझरांत ही कुकी अडवलीही जाते, त्यामुळे ओळ दिसली नाही तर घाबरू नका आणि खूशही होऊ नका. गेल्या काही वर्षांत जे शेकडो दावे लागले त्यांचा गाभा एवढ्या एका ओळीत आहे. बहुतेक वेळा कंपनीत कुणी कट केलेला नसतो. मार्केटिंग विभागातल्या कुणीतरी जाहिरातीचा हिशेब लागावा म्हणून तो तुकडा सगळ्या पानांवर चिकटवलेला असतो, आणि व्हिडिओच्या पानांवरून तो काढायला हवा हे कुणाला सुचलेलं नसतं. मी पाहिलेल्या एका प्रकरणात तो तुकडा बसवणारा माणूस कंपनी सोडूनही तीन वर्षं झाली होती.

आता तुमचे वीस डॉलर. एक कल्पित उदाहरण घेऊ. गटात तीस लाख वर्गणीदार. प्रत्येकी 2,500 डॉलर म्हणजे 750 कोटी डॉलर. कंपनीची सगळी मालमत्ता विकली तरी तेवढे येणार नाहीत आणि हे दोन्ही बाजूंच्या वकिलांना पहिल्या दिवसापासून माहीत असतं. भरपाई ‘देऊ शकतं’ असे कायद्याचे शब्द आहेत, ‘दिलीच पाहिजे’ असे नाहीत, म्हणजे जिंकल्यावरही न्यायाधीश आकडा कापू शकतात. मग घासाघीस होऊन एक कोटी डॉलरवर तोड निघते. त्यातले तेहेतीस लाख वकिलांचे; पाव ते एक तृतीयांश हा सर्रास दर आहे. सात लाख नोटिसा, टपाल आणि तपासणीचे. उरले साठ लाख. तीस लाखांपैकी दहा टक्क्यांनी क्लेम भरला तर तीन लाख वाटेकरी, म्हणजे प्रत्येकी वीस डॉलर. सगळ्यांनीच भरला तर प्रत्येकी दोन. म्हणजे तुमचा आकडा इतरांच्या आळसावर ठरतो. आणि ज्यांनी भरला नाही त्या सत्तावीस लाखांचाही हक्क तुमच्याबरोबरच सुटला.

खरी उदाहरणं याच मापाची आहेत. जपानी अ‍ॅनिमे दाखवणाऱ्या क्रंचिरोलने 2023 मध्ये 1 कोटी 60 लाख डॉलरला तडजोड केली, प्रत्येकी साधारण तीस डॉलरचा अंदाज होता. चाहत्यांकडून कलाकारांना पैसे मिळवून देणाऱ्या पॅट्रिऑनने 72.5 लाख डॉलर दिले. टीव्ही बनवणाऱ्या व्हिझिओचा मामला अधिक वाईट होता. तिथे टीव्ही स्वतःच पडद्यावरच्या चित्राचे ठिपके टिपून कोणता कार्यक्रम चालू आहे ते ओळखत होता आणि मालकांना पत्ता नव्हता. 2017 मध्ये फेडरल ट्रेड कमिशन (ग्राहकांचं हित पाहणारी सरकारी संस्था) आणि आमच्या न्यू जर्सी राज्याने मिळून 22 लाख डॉलरवर ते प्रकरण मिटवलं, आणि नंतर सामूहिक दाव्यात 1 कोटी 70 लाख डॉलर गेले. खुद्द फेसबुकची 72.5 कोटी डॉलरची तडजोड गाजली, फेसबुकवरची माहिती राजकीय प्रचारासाठी वापरणाऱ्या केंब्रिज अ‍ॅनालिटिका या कंपनीच्या निमित्ताने झालेली. मे 2007 ते डिसेंबर 2022 या काळात अमेरिकेत राहून फेसबुक वापरणारा कोणीही त्यात बसत होता, म्हणजे तेव्हा फेसबुक खातं असेल तर तुम्हीही बसत होतात. तिची मुदत ऑगस्ट 2023 मध्ये संपली. विचारलं नाहीत म्हणून सांगितलं नव्हतं.

सगळ्यात बोधप्रद मात्र नेटफ्लिक्सची. वर्गणी बंद केलेल्या लोकांच्या पाहण्याच्या नोंदी कंपनी वर्षानुवर्षं ठेवते असा दावा होता. 90 लाख डॉलरला मिटला, 2013 मध्ये कोर्टाने मंजूर केला, आणि सभासदांना मिळाले शून्य. कोट्यवधी लोकांत 90 लाख वाटायचे तर प्रत्येकाच्या वाट्याला डॉलरसुद्धा येत नाही, पाठवण्याचा खर्च त्याहून जास्त. म्हणून वकिलांची फी आणि खर्च जाऊन उरलेली रक्कम खासगीपणावर काम करणाऱ्या संस्थांना दिली. तेव्हा मला हे संतापजनक वाटलं होतं. सातबाऱ्यावरून नाव काढायचं आणि मोबदला देवस्थानाला द्यायचा, तसा प्रकार. आज माझं मत थोडं निवळलंय. कारण त्याच तडजोडीत कंपनीने कबूल केलं की वर्गणी बंद करून एक वर्ष झालं की पाहण्याच्या नोंदींपासून त्या माणसाची ओळख तोडली जाईल. शिवाय 2012 मध्येच शिकागोच्या अपील कोर्टाने दुसऱ्या एका प्रकरणात म्हटलं होतं की जुन्या नोंदी नष्ट केल्या नाहीत एवढ्यावरून ग्राहकाला भरपाईचा दावा लावता येत नाही. म्हणजे लढत राहिले असते तर हरण्याची शक्यता बरीच होती. हरण्याच्या उंबरठ्यावर मिळालेलं ते वचन स्वस्त नव्हतं.

आणि कंपन्याही स्वस्थ बसल्या नाहीत. ग्राहकांनी आपण काय पाहतो ते फेसबुकवर मित्रांना दाखवावं अशी नेटफ्लिक्सची इच्छा होती, आणि दर वेळी संमती घ्यायची अट आड येत होती. अमेरिकी संसदेने, म्हणजे तिथल्या काँग्रेसने, कायदा सुधारला, आणि जानेवारी 2013 पासून इंटरनेटवरून एकदाच, दोन वर्षांपर्यंतची संमती घेता येऊ लागली. ती वेगळ्या, स्वतंत्र नमुन्यात हवी, लांबलचक अटींच्या पोटात दडवलेली चालत नाही. पिक्सेलवाल्या पुष्कळ कंपन्या इथेच पकडल्या गेल्या. संमती नव्हती असं नाही, ती चौतिसाव्या परिच्छेदात होती.

बाहेर पडून स्वतः लढावं का, तर आत्ता मी कुणालाच तो सल्ला देत नाही. वारं फिरलंय. ऑक्टोबर 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या अपील कोर्टाने एनबीए या बास्केटबॉल संघटनेच्या खटल्यात म्हटलं की बास्केटबॉलचं साधं ईमेल वार्तापत्र घेणाराही या कायद्याखाली वर्गणीदार ठरतो. एप्रिल 2025 मध्ये सिनसिनाटीच्या अपील कोर्टाने पॅरामाउंट या माध्यम कंपनीच्या खटल्यात उलट निकाल दिला. दोन्हीकडे फिर्यादी एकच माणूस! मग मे 2025 मध्ये त्याच न्यूयॉर्कच्या कोर्टाने आणखी एका खटल्यात सांगितलं की पिक्सेलने पाठवलेली ती सांकेतिक ओळ साध्या माणसाच्या हाती दिली तर त्याला त्यातून कोणी काय पाहिलं हे कळणार नाही, म्हणून ती ‘ओळख पटवणारी माहिती’च नव्हे. मी वर सांगितलेली एफ-बाराची कसरत तुम्ही केलीत तर या निकालाबद्दल तुमचंही मत बनेल. मला तो पटत नाही. माहिती साध्या माणसाला कुठे पाठवली होती? ती फेसबुकला पाठवली होती, आणि फेसबुकला ती वाचता येते. पण माझ्या पटण्याला कोर्टात किंमत नाही, आणि न्यूयॉर्कमध्ये पिक्सेलच्या दाव्यांचा रस्ता जवळजवळ बंद झालाय. तुमच्या पत्रातली तडजोड टिकली तर वीस डॉलर हा काही वाईट सौदा नाही.

शिवाय तुमच्या त्या वर्गणीच्या अटी काढून वाचा. बहुतेक कंपन्यांनी आता लवादाचं कलम (वाद कोर्टाबाहेर मिटवायची अट) घातलंय आणि सामूहिक दाव्यावर बंदी. 2011 च्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशी बंदी उचलून धरली. म्हणजे पुढच्या वेळी असं पत्र येईलच असं नाही.

तडजोडच अपुरी वाटत असेल तर गटात राहूनही हरकत नोंदवता येते. न्यायाधीशांना साधं पत्र लिहायचं, का पटत नाही ते, मुदतीच्या आत. वकील लागत नाही. वकिलांची फी फार वाटते हीसुद्धा हरकत होऊ शकते, आणि न्यायाधीश अशी पत्रं वाचतात. फी कापली गेल्याचं मी दोनदा डोळ्यांनी पाहिलंय, एकदा माझ्याच बाजूची.

‘भारतात असं का होत नाही’ असंही तुम्ही जाता जाता विचारलंय. सामूहिक तक्रारीची सोय आपल्याकडे आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 35 खाली एकसारखं गाऱ्हाणं असलेल्या ग्राहकांतर्फे काही जण तक्रार करू शकतात. अडचण भरपाईची आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती कायद्यात कंपनीला 250 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पण तो जातो सरकारी तिजोरीत. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातला रुपयाही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं 43-अ हे भरपाईचं कलमही या नव्या कायद्याने काढून टाकायचं ठरवलंय. उलट खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली म्हणून नागरिकालाच दहा हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. 2,500 डॉलरचा आकडा वेडगळ असेल, पण त्या आकड्याच्या भीतीनेच कंपन्या पिक्सेल काढतात हे मी पाहतो.

आता क्लेम भरताना. पत्ता विचारतील तिथे त्या काळातला जर्सी सिटीचा पत्ताही द्या आणि आजचाही. ईमेल मात्र वर्गणीला जोडलेलं तेच द्या, कारण यादीत तेच आहे. पैसे कसे हवेत या प्रश्नावर चेक निवडू नका. कोथरूडच्या बँकेत वीस डॉलरचा अमेरिकी चेक वटवायला गेलात तर खर्चच जास्त होईल, आणि चेकची मुदत टपालातच सरेल. झेल आणि व्हेन्मो या पैसे पाठवण्याच्या सेवांना अमेरिकेतलं खातं लागतं. तिथलं खातं अजून चालू असेल तर उत्तम, नसेल तर ईमेलवर येणारं आभासी प्रीपेड कार्ड आहे का ते पाहा. अर्जाच्या शेवटी ‘खोटं सांगितल्यास शिक्षेस पात्र’ अशी शपथ असते, त्यामुळे फेसबुक खातं नव्हतं तर ‘होतं’ म्हणू नका. पैसे लगेच येणार नाहीत. अंतिम सुनावणी, मग अपिलाची मुदत, कुणी अपील केलं तर आणखी वर्षभर.

मुदतीच्या तारखेपुढे रात्री 11:59, पॅसिफिक वेळ असं लिहिलं असेल तर ती पुण्यात दुसऱ्या दिवशीची दुपार असते. तिकडे उन्हाळी वेळ चालू असेल तर 12:29, नसेल तर 1:29. पण अर्ज आज रात्री जेवण झाल्यावरच भरून टाका. पाच मिनिटांचं काम आहे.